कोणत्या गावची मंडई?

मृकंड ऋषींना मुलगा हवा होता. शंकराने दोन पर्याय पुढे ठेवले: मंद पण दीर्घायुषी मुलगा, किंवा हुशार पण सोळाच वर्षं जगणारा. ऋषींनी हुशार निवडला. सोळावं सरत आलं तेव्हा यम फास घेऊन दारात उभा राहिला, पोराने, म्हणजे मार्कंडेयाने, शिवलिंगाला मिठी मारली, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीपासून थोड्याच अंतरावर, एरवी दक्षिणेला धावणारी वैनगंगा वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते, तिथे हे घडलं असं लोक मानतात. गावाचं नाव मार्कंडा. काठावरच्या देवळांच्या समूहात मार्कंडेयाबरोबर मृकंडाचंही देऊळ आहे आणि यमाचंही. ज्याच्यापासून जीव वाचवला त्यालाही अंगणात जागा देणारी ही मंडळी मोठ्या मनाची म्हणायची.

महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. नदीत स्नान, देवदर्शन, मग पाळणे, भांडी, बांगड्या, खाऊ. आता यात फोनची भर पडली आहे. ज्या शिल्पांमुळे मार्कंड्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात आणि ज्यांची दखल अलेक्झांडर कनिंगहॅमने 1873-74 च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात घेतली, त्या शिल्पांकडे पाठ करून रील काढली जाते. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. जत्रेला गेल्याचा पुरावा पूर्वी फोटोच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभं राहून मिळवत, आता तो हाताशी आहे. प्रश्न पुढे येतो. ती रील टाकायची कुठे, ती किती जणांनी पाहिली हे किती वेळा उघडून बघायचं, आणि बघायला म्हणून आत गेलेला माणूस बाहेर कधी येतो?

सोळा हा आकडा अलीकडे भलत्याच ठिकाणी पुन्हा पुढे आला. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच आणि किक या दहा नावांना सुरुवातीलाच नियम लागू झाला. व्हॉट्सॲप मात्र त्यातून वगळलं, कारण त्याचं मुख्य काम निरोप देणं-घेणं हे आहे. कायद्याच्या गुणदोषांवर अजून वर्षानुवर्षं वाद चालेल. पण तो करताना तिथल्या लोकांना एक कष्टाचं काम करावं लागलं: प्रत्येक ॲप उचलून, हे मुळात कशासाठी आहे, असं विचारावं लागलं. आपल्याकडे सात-आठ ॲप असलेल्या फोनचा धनी हा प्रश्न क्वचितच विचारतो. ॲप आधी येतं, काम मागून शोधलं जातं.

झाडीपट्टीत हा प्रश्न जुना आहे, फक्त त्याचा विषय वेगळा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावचे मेळे, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, रात्री नाटक. एकाच दिवशी जवळच्या दोन गावांत मंडई असली की घरात विचार चालतो: मावशी कुठे आहे, पोरासाठी स्थळ कुठे बघायचं आहे, नाटक कुठलं चांगलं आहे. सगळ्या मंडया करायच्या असा हट्ट कोणी धरत नाही. धान घरी यायचं असतं, ते कापणारे हातही तेच असतात.

फोनमधल्या मंडयांचं मात्र तसं नाही. त्या रोज भरतात, रात्रभर चालतात आणि सगळ्या एकाच खिशात असतात. शिवाय त्यांना शेवट नाही. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, पण पहाटे पडदा पडतो आणि माणसं चादरी झटकून उठतात. फोनवरचा पडदा पडू नये याची व्यवस्था अमेरिकेतल्या एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने 2006 मध्ये केली. त्याआधी पान संपलं की पुढच्या पानाचं बटण दाबावं लागे. त्याने खाली सरकवताच पुढचा मजकूर आपोआप येईल अशी रचना आखली. पुढे त्यालाच याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो जाहीर बोलूनही दाखवला. यूट्यूबने 2012 मध्ये आणखी एक गोष्ट बदलली. तोवर कोणता व्हिडिओ पुढे करायचा हे किती जणांनी तो उघडला यावरून ठरे. त्यानंतर लोकांनी तो किती वेळ पाहिला याला वजन आलं. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलं किती यापेक्षा रेंगाळलं किती, हे मोजलं जाऊ लागलं. ज्याचा धंदा रेंगाळण्यावर चालतो तो दुकानदार दारावर घड्याळ लावणार नाही.

वेळ मोजण्याची सवय मात्र या भागातल्या माणसाला आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, दुपारी अंगणात बसून घरच्या सगळ्यांनी पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं, हजार पुड्यांची एक गोणी. बांधणाऱ्याची बोटं सत्तरला बरोबर थांबतात. तीच बोटं संध्याकाळी फोनवर फिरायला लागली की घंटाभर गेल्याचं कळत नाही. विदर्भात तासाला घंटा म्हणतात हे इथे फार सोयीचं आहे, कारण घंटा वाजावी लागते आणि फोनवर ती वाजत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ म्हणून एक जागा असते. तिथे कोणत्या ॲपवर दिवसाला किती वेळ गेला आणि फोन किती वेळा उघडला, याची बिनचूक नोंद असते. माध्यम निवडायचं तर सुरुवात त्या आकड्यापासून करावी. तत्त्वज्ञान नंतर.

आकडा हाती आला की त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट मांडायची: तिथे जाऊन काय हाती लागलं? उत्तर धंद्याप्रमाणे, वयाप्रमाणे पार बदलतं, आणि म्हणूनच ‘हे ॲप चांगलं, ते वाईट’ अशा याद्या फारशा कामाच्या नसतात.

वडशाच्या नाटक कंपन्यांचं उदाहरण घ्यावं. देसाईगंज वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. हंगामात इथे कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावोगावची मंडळं येऊन तारखा पक्क्या करतात. ही रंगभूमी किती जोरकस आहे याची पावती 2023 मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने उरलेल्या महाराष्ट्राला दिली. इथल्या लोकांना ती आधीच माहीत होती. अशा कंपनीच्या व्यवस्थापकाला व्हॉट्सॲप सोडून चालणार नाही. गावच्या मंडळाचा माणूस तिथेच भेटतो, पोस्टर तिथूनच फिरतं, तारीख तिथेच बदलते. यूट्यूबची गोष्ट गुंतागुंतीची. तिथे झाडीपट्टीची अख्खी नाटकं चित्रित करून टाकलेली सापडतात. पुण्यात नोकरीला गेलेला गडचिरोलीचा पोरगा ती रात्री खोलीत बघतो, ही चांगली गोष्ट. पण अख्खं नाटक फोनवर मिळालं तर थंडीत धानाच्या बांधीत तिकीट काढून कोण बसेल, ही शंकाही रास्त आहे. दोन गाणी आणि एक विनोदी प्रवेश टाकावा, बाकीचं मंडपासाठी राखून ठेवावं, हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. आणि एक्स? तिथे त्याचं गिऱ्हाईकच नाही. आरमोरीच्या आजीबाई एक्सवर नाटकाची जाहिरात बघून निघणार नाहीत. पण हाच व्यवस्थापक रेल्वेने निघाला आणि डब्यात काही अडचण आली, तर रेल्वेच्या एक्स खात्यावर तक्रार टाकण्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणजे खातं असावं, रोज फिरायला जाऊ नये.

ताडोब्याच्या वेशीवर घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबाचा हिशेब याच्या उलट. त्यांचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, आणि ते इन्स्टाग्रामवर वाघ बघून येतं. त्यांनी तिथला वेळ वाया जातो म्हणणं म्हणजे दुकानदाराने दुकान उघडायला कंटाळणं. मात्र वाघाच्या फोटोची भूक काय करते हेही याच वनपट्ट्यात दिसलं. 31 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ पसरला, संताप उसळला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गंमत अशी की ज्या फोनसाठी वाटा अडल्या त्याच फोनने ही गोष्ट उघडकीलाही आणली.

व्हॉट्सॲपला ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने निरोप्या म्हटलं, पण निरोप्याही घातकी ठरू शकतो. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा निरोप कित्येक दिवस फोनांमधून हिंडत होता. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण गावात उतरले. जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे निरोप ढकलता येणार नाही असं ठरवलं. 2020 च्या एप्रिलमध्ये, अनेकदा ढकलला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, इतकं ते आवळलं. अंगठ्याला जरा जास्त कष्ट पडले की अफवेचा वेग उतरतो, ही साधी गोष्ट कळायला माणसं मरावी लागली.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या नावाने एक व्हिडिओ फिरला. वन विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाघ उचलून नेतो, असं सीसीटीव्हीसारखं दृश्य. वन विभागाने सांगितलं की असं काही घडलेलं नाही. दृश्य कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं. मुंबईत बसून बघणाऱ्याला तो थरार होता. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे तसं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या होत्या. तिथे खोटा वाघ खऱ्या वाघाइतकाच घरात कोंडून ठेवतो, आणि चार खोट्यांनंतर पाचवा खरा असला तरी कोणी मनावर घेत नाही.

तरीही पावसाळ्यात गडचिरोलीच्या माणसाला व्हॉट्सॲप सोड म्हणणं चूक ठरेल. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की वैनगंगा फुगते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि कोणता रस्ता बंद, कोणता सुरू, ही यादी सकाळी फोनवरच येते. दवाखान्यात निघालेल्या माणसाला त्या यादीचं मोल विचारावं. अडचण अशी की ती यादी ज्या गटात येते त्याच गटात सूर्योदय, गुलाबाची फुलं, वाढदिवसाचे केक आणि आठ वर्षांपूर्वीचा पुराचा व्हिडिओही येतो. म्हणून प्रश्न फक्त कोणतं ॲप ठेवायचं एवढाच राहत नाही. ॲपच्या आतल्या कोणत्या खोलीत बसायचं हेही ठरवावं लागतं. रस्त्यांच्या यादीचा गट वेगळा असावा आणि त्यात फक्त प्रशासनाने किंवा नेमलेल्या दोघांनीच लिहावं, ही सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. गटाचा ॲडमिन ती एका मिनिटात लावू शकतो. लावत नाही, कारण मग ‘आमचं तोंड बंद केलं’ म्हणून मामा रुसतात.

आणखी एक हिशेब नव्याने खातं उघडणाऱ्याने करावा: हे दुकान किती दिवस राहणार? 2004 मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट एके काळी कॉलेजच्या पोरांचं गावच होतं. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. गूगल प्लस 2019 मध्ये गेलं. भारतीय भाषांचा झेंडा घेऊन आलेलं कू 2024 मध्ये मिटलं. सगळ्यात मोठा दणका 29 जून 2020 चा. केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यातल्या कित्येक मराठी पोरापोरींनी दोन-तीन वर्षं राबून जमवलेले लाखभर चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. पंधरा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील आणली आणि गर्दी तिकडे वळली, पण चाहते बरोबर नेता आले नाहीत. शून्यापासून मांडणी करावी लागली. ज्याचं पोट यावर आहे त्याने आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर वहीत उतरवून ठेवावेत. वही कोणी बंद पाडत नाही.

मग इतकं कळूनही माणूस नको असलेलं ॲप काढून का टाकत नाही? इच्छाशक्ती कमी, असं उत्तर देऊन वडीलधारे मोकळे होतात. लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात याचं वेगळं उत्तर सापडतं. त्यांनी अमेरिकेतल्या हजारावर विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? सरासरी 59 डॉलर. इन्स्टाग्रामचे? 47 डॉलर. पुढचा प्रश्न खरा मासलेवाईक होता: तुमच्यासकट तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता पोरं उलट खिशात हात घालायला तयार झाली. टिकटॉकसाठी 28 डॉलर, इन्स्टाग्रामसाठी 10. म्हणजे अनेकांना मंडईला जायचंच नव्हतं. बाकी सगळे जात आहेत म्हणून ते जात होते.

हे लक्षात घेतलं तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा प्रयोग नुसता गमतीचा राहत नाही. कडेगाव तालुक्यातल्या या गावात 2022 पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे फोन आणि टीव्ही बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा सगळं सुरू. सुरुवातीला लोक हसले, बायांचे गट आणि शिक्षक दारोदार फिरले, मग जमलं. एकट्या घराने हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोराने शेजारच्या ओट्यावर जाऊन फोन बघितला असता. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो म्हणून कोणी काही गमावत नाही.

सगळ्यांनी मिळून ठरवायची रीत गडचिरोलीला कोणी शिकवायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ही गोष्ट बाहेर पोचली. पण तिथलं एक तंत्र कमी चर्चिलं जातं. मेंढ्यात निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि अभ्यास गट वेगळा. अभ्यास गटात नुसती माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, शंका काढायच्या. तिथे काही ठरवायचं नाही. ठरवायचं ग्रामसभेत, आणि तेही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीवर. वेळ लागतो. पण ठरलं की ते सगळ्यांचं असतं.

घरातल्या फोनांसाठी ही रीत जशीच्या तशी उचलता येईल. आठवडाभर अभ्यास: प्रत्येकाने आपल्या फोनमधले आकडे जेवणाच्या वेळी वाचून दाखवायचे, बापानेही. कोणी कोणाला बोलायचं नाही. बापाचे यूट्यूबवरच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, व्हिडिओंचे रोजचे दोन घंटे निघतात तेव्हा मुलीच्या इन्स्टाग्रामवरचं व्याख्यान आपोआप आवरतं घ्यावं लागतं. मग दुसऱ्या आठवड्यात ठरवायचं: कोणतं ॲप फोनवर राहील, कोणतं फक्त गरजेला ब्राउझरमधून उघडायचं, कोणतं महिनाभर काढून ठेवायचं. ॲप फोनवरून काढलं म्हणून खातं मरत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधी समजावून सांगावं लागतं.

महिनाभर काढून ठेवल्यावर काय होतं, हे मोजलेलं आहे. 2018 च्या अमेरिकी निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 2700 फेसबुक वापरणाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना 102 डॉलर देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला सांगितलं. रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. तो सगळा पुस्तकांत गेला असं मुळीच नाही. काही टीव्हीत गेला, काही घरच्यांशी आणि मित्रांशी बोलण्यात. बातम्यांची माहिती कमी झाली, राजकीय मतांमधलं ध्रुवीकरणही कमी झालं, मन थोडं बरं वाटलं, पण थोडंच. मुदत संपली, पैसे मिळाले, आणि बहुतेक लोक परत आले. पण काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा त्यांचा फोनवरचा फेसबुकचा वापर, ज्यांनी खातं बंद केलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी कमी भरला. ते कमी करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता पैसेही मिळत नव्हते.